दुर्गाच्या नावाचं रक्त

१

नळीवर नाव दुर्गाचं होतं आणि आत रक्त दुसऱ्याच कोणाचं तरी होतं. एवढं सांगून रश्मी माझ्या अंगणातल्या खुर्चीत बसली आणि रडायला लागली.

आता माझा स्वभाव असा की आधी हकिकत, मग रडणं. जवळजवळ उभी नोकरी मी नागपूरच्या सरकारी प्रयोगशाळेत मेलेल्या माणसांच्या आतड्यांत विष शोधण्यात घातली. रडणारे नातेवाईक दाराबाहेर थांबायचे आणि मी आत काम करायचे. निवृत्त होऊन चंद्रपूरला आले, म्हटलं आता जास्वंद लावू, पेपर वाचू. पण लोक सोडतील तर ना!

"चहा घे, नाक पूस अन् पहिल्यापासून सांग," मी म्हटलं. "मोठ्यानं सांग. पुटपुटलेलं मला ऐकू येत नाही."

रश्मी माझ्या मावसबहिणीची मुलगी, आमच्याच सिंदेवाहीची. चंद्रपुरातल्या एका छोट्या कर्करोग संशोधन केंद्रात काम करते. पोटातल्या गाठीचं आपल्याकडे दुखणं हे की ती कळते फार उशिरा. माणूस आधी ओवा खातो, मग सोडा पितो, मग देवाधर्माचं करून पाहतो, आणि दवाखान्यात येतो तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलेलं नसतं. रश्मीचं म्हणणं असं की गाठ लहान असतानाच तिच्या खुणेचे रेणू रक्तात उतरत असणार. ती खूण सापडली तर नुसत्या रक्तावरून वेळेत कळेल.

त्यासाठी त्यांच्याकडे रेणू तोलणारं यंत्र आहे, मास स्पेक्ट्रोमीटर. धान उफणताना फोल लांब उडतं आणि दाणा जवळ पडतो, तसं हे यंत्र रक्तातले रेणू उडवतं आणि कोण किती वजनाचा ते पडद्यावर शिखरांच्या रांगेत काढून दाखवतं. वॉर्डातल्या रोग्यांच्या रक्तात रश्मीला एक शिखर सापडलं होतं. निरोगी माणसांत ते जवळजवळ नसतंच. ही निरोगी माणसं तिनं आलापल्लीकडच्या जंगलगावांतून घेतली होती, आणि त्यांच्यातल्याच एका नळीत ते शिखर हे असं उंच उभं. नळीवर नाव होतं दुर्गा लच्छू मडावी, गाव इरपागुडा.

"आम्ही गाडी पाठवून तिला आणलं, मावशी. दुर्बीण घालून पोट तपासलं. एकदम साफ! नवीन रक्त घेतलं, त्यात शिखर नाही. शेवटी रक्तगट पाहिला, तर जुन्या नळीतला वेगळा अन् हिचा वेगळा."

"मग?"

"आमचे प्रमुख, राजदीप सर, म्हणतात की मीच वॉर्डातल्या रोग्याचं रक्त त्या नळीत भरलं. निरोगी बाईतसुद्धा मी रोग पकडला असा गाजावाजा व्हावा म्हणून! थंड कपाटाच्या किल्ल्या दोघांकडेच असतात, त्यांच्याकडे अन् माझ्याकडे. सोमवारी अभ्यास बंद करून सगळ्या नळ्या जाळणार आहेत. माझं नाव कायमचं गेलं, मावशी."

"नाव गेलं खड्ड्यात," मी म्हटलं, जरा जास्तच जोरात. "अगं बाप्पा, ते रक्त कोणाच्या तरी अंगातलं आहे ना? तू भरलं नसशील, तर ते माणूस बाहेर कुठंतरी फिरतंय, पोटात गाठ घेऊन. अन् त्याला कोणी सांगितलेलंसुद्धा नाही."

रश्मी रडायची थांबली. मी चपला शोधायला आत गेले.

२

केंद्रात शिरताच मला वाईट वाटलं. आमच्या काळी प्रयोगशाळेला वास असायचा. अमोनिया, स्पिरिट, उकळणाऱ्या शेगड्या, आणि त्यातच कोणीतरी डब्यातली आंबाडीची भाजी उघडलेली. इथं नुसती थंड हवा आणि यंत्राची घरघर. काचेच्या पट्टीवर ठिपके चढताना बघत आम्ही दुपारच्या दुपारी काढायचो, विष सापडलं की एकमेकींना हाका मारायचो. त्या दुपारी आता कुठल्याही किमतीला मिळत नाहीत.

राजदीप उभ्यानंच बोलला. नीटनेटका, थकलेला माणूस. "बाई, मला काय हौस आहे? पोरगी हुशार आहे. पण नळी आपोआप बदलत नाही."

"खरं आहे. कोणीतरी बदलली किंवा कोणीतरी चुकलं. मला तिघांशी बोलू द्या."

"तिघं कोण?"

"एक तुम्ही. तुमच्याशी बोलून झालं."

त्याला हसू आलं नाही.

दुसरा संघपाल, गाडीचा ड्रायव्हर, बर्फाची पेटी गावातून आणणारा. "जयभीम बाई" म्हणून तो सरळ मुद्द्यावर आला. "पेटीले गावातच सील लागते. इथी आल्यावर रश्मी मॅडम अन् निकेश सर, दोघायनं मिळून सील तोडलं. रस्त्यात मी चहा प्यालो, पन पेटी सोडून नाई. माह्यावर शक असन त सांगा, मी आत्ताच चाबी ठेवतो."

"चाबी खिशातच ठेव. पुढं लागेल."

तिसरा निकेश, रक्त काढणारा तंत्रज्ञ. नाशिककडचा, इस्त्रीच्या कपड्यातला, बोलणं मोजकं. रश्मीशी त्याचं पटत नव्हतं हे दोघांच्या तोंडावरच दिसत होतं. मागं एकदा रक्त उशिरा थंड केलं म्हणून ती त्याला सगळ्यांदेखत बोलली होती.

"शाळेच्या व्हरांड्यात रांग होती, मॅडम. गावचं आरोग्याचं बघणाऱ्या आशाताई आत मुलांना बिस्किटं वाटत होत्या. मी मान खाली घालून नसा शोधत होतो. एक नळी झाली की विचारायचो, आता पाळी कोणाची? एक बाई पुढे आल्या, म्हणाल्या, दुर्गाची. मी वाचून विचारलं, दुर्गा लच्छू मडावीच ना? त्या हो म्हणाल्या. बसा म्हटलं, बसल्या. रक्त घेतलं, चिठ्ठी लावली."

"चेहरा आठवतो?"

"हात आठवतो. नस चटकन सापडली." त्यानं मान वर केली. "रश्मी मॅडमना अडकवायला मी असलं काही करणार नाही. भांडण वेगळं आणि रक्त वेगळं."

मला त्याचं हे वाक्य आवडलं. पण खोटं बोलणाऱ्यांचीसुद्धा मला पुष्कळ वाक्यं आवडलेली आहेत. मी रश्मीला म्हटलं, "चल, आता त्या नळीलाच विचारू."

३

"तू आतापर्यंत काय पाहिलंस?" मी विचारलं.

"ते शिखर, मावशी."

"अन् उरलेलं?"

पडद्यावर शेकडो शिखरं होती आणि ही मुलगी इतके दिवस एकाच शिखराकडे टक लावून बसली होती. प्रेमात पडलेल्या माणसाचं असंच होतं, त्याच्यावर चिडून काय करणार!

"हे बघ, रक्तात नुसता रोग नसतो. माणसानं काय खाल्लं, काय गिळलं, तेही असतं. तुमच्या वॉर्डातल्या प्रत्येक रोग्याला ॲसिडिटीची गोळी रोज देतात ना?"

"देतात. सगळ्यांना. पहिल्या दिवसापासून."

"मग ती शोध या नळीत."

रश्मीनं शोधलं. पुन्हा शोधलं. त्या गोळीच्या वजनाचं शिखर त्या जागी नव्हतंच. वॉर्डातल्या दुसऱ्या रोग्यांच्या नळ्या लावल्या, तिथं ते ठळक होतं.

"म्हणजे हे वॉर्डातलं रक्त नाही!" ती उठून उभी राहिली. "मावशी, मी सुटले!"

"बस खाली. सुटायचं नंतर. आता बाकीच्या गोळ्या शोध. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात त्या सगळ्या."

बराच वेळ गेला. यंत्र घरघरत होतं आणि मला माझे वडील आठवत होते. बापूराव, सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात कामाला. ओंजळीतल्या धानाला नाकाशी धरून ते वाण सांगायचे, आणि मी चूक काढली की खूश व्हायचे. मुलगी चूक काढते म्हणून गावभर सांगत फिरायचे. असा बाप मिळाला म्हणून तर मी इथवर आले.

"सापडलं," रश्मी हळूच म्हणाली. "बीपीची गोळी. पण हे कसं शक्य आहे? रोज गोळी घेणाऱ्यांना आम्ही अभ्यासात घेतलंच नाही. गोळ्यांमुळं शिखरं गोंधळतात म्हणून आधीच वगळलं. यादीत बीपीची गोळी घेणारं एकही माणूस नाही."

"मग हे रक्त यादीतल्या माणसाचं नाहीच."

"पण वॉर्डातलंही नाही, यादीतलंही नाही, मग..." तिनं दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "मावशी, या इमारतीत बीपीची गोळी एकच माणूस घेतो. राजदीप सर."

४

मी आडून आडून विचारणाऱ्यांतली नाही. राजदीपच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "नळीत बीपीची गोळी आहे. तुम्ही बीपीची गोळी घेता. किल्ली तुमच्याकडे असते. रक्त तुमचं आहे का?"

तो लाल झाला. मग त्याला पुढचा अर्थ कळला आणि तो पांढरा पडला. कारण रक्त त्याचं असेल, तर गाठही त्याचीच. माणूस खुर्चीवर टेकला आणि नकळत त्याचा हात पोटावर गेला.

"माझं नाही," तो म्हणाला. "मी का भरेन? पण... घ्या. माझं रक्त घ्या. आत्ता घ्या."

निकेशनंच घेतलं. उत्तर येईस्तोवर राजदीप यंत्राशेजारी स्टूल घेऊन बसून राहिला. चहा आणला तो तसाच गार झाला. शिखर नव्हतं. रक्तगटही वेगळा निघाला. तो बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता.

"एवढ्या वेळात माझी ही अवस्था झाली," तो म्हणाला. "ज्याचं रक्त आहे त्याला शोधा, बाई. गाडी न्या. सोमवारचं मी बघतो."

आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी निघाली इरपागुड्याला. हे नाव रश्मीच्या तोंडून ऐकल्यापासून माझ्या आत काय चाललं होतं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. माझी पहिली नोकरी त्याच गावातली! नागपूरच्या कितीतरी आधीची. हिवतापाच्या काचा बघणारी पोरसवदा तंत्रज्ञ मी, आणि माझ्या जोडीला मीराबाई, नर्स.

आष्टीचा पूल गेला आणि आलापल्लीचा सागवान सुरू झाला तशी मी रश्मीला सांगत सुटले. संघपालनं गाडीचा वेग आपसूक कमी केला. मोहाचा वास काचा बंद असूनही आत येत होता. तेव्हा एसटी आलापल्लीपर्यंतच यायची, पुढं पायी. काचांची पेटी माझ्या डोक्यावर आणि मीराबाई पुढं गात. गोऱ्या, गोल, मोठ्या आवाजाच्या मीराबाई! संध्याकाळी आंब्याखाली बायांना जमवायच्या. बायकांच्या महिन्याच्या अडचणीला तिथं नावच नव्हतं. नुसत्या खुणा आणि खाली घातलेल्या माना. मीराबाई म्हणायच्या, "लाजता काऊन? पाळी म्हना, पाळी! जोरानं!" मग सगळ्या एका सुरात 'पाळी' ओरडायच्या आणि खोखो हसायच्या. मीराबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

"अन् शेजारी इतवारी होती," मी म्हटलं. "नवी नवरी. मला भात रांधता यायचा नाही, रोज करपायचा. ती काही न बोलता दारात जाव्याचा गडवा ठेवून जायची." जावा म्हणजे पातळ पेज, तिथल्या माणसांचं सकाळचं पोट त्यावर चालतं. "तिच्या हातचं खाऊन मी तिथं टिकले, रश्मी. नाहीतर पहिल्याच आठवड्यात पळाले असते."

"आता असेल का ती तिथं?"

इतक्या वर्षांनी जाऊन कोण आहे आणि कोण नाही हे विचारायची मला भीती वाटत होती.

५

गाव रस्त्याकडे सरकलं होतं, घरं पत्र्याची झाली होती. मला काही ओळखू येईना. दुर्गा अंगणातच भेटली. चाळिशी ओलांडलेली, हसरी. लच्छू, तिचा नवरा, बैल बांधत होता.

"जोहार दुर्गाबाई. तू रक्त देल्लं होतं का?"

"देल्लं न बाई. कितीदा देल्लं."

"कुठून काढलं होतं?"

दुर्गानं आपलं बोट पुढं केलं. करंगळीशेजारचं.

रश्मी ताडकन म्हणाली, "बोटातून आम्ही घेतच नाही! दंडातून घेतो, सुई लावून."

"दंडातून त चंद्रपूरले नेलं तवाच काढलं," दुर्गा म्हणाली. "हे मलेरियावाले नेतेत न. ताप आला का बोट टोचतेत. तुमची गाडी आली, 'तुह्या रक्तात काहीतरी दिसलं' म्हनलं, त मले वाटलं तेच रक्त दवाखान्यात गेलं. शाळेत त मी गेलीच नाई."

माझ्या डोक्यात दिवा लागला, पण अर्धाच. "गेली नाई? मग होती कुठी?"

दुर्गानं पदर तोंडाला लावला. लच्छू बैलाच्या दाव्याकडे बघत म्हणाला, "ते त तवा बाहेर होती."

"बाहेरगावी?" रश्मीनं विचारलं. लच्छूनं ऐकलं न ऐकलंसं केलं आणि बैल घेऊन घरामागं गेला.

"बाहेरगावी नाही गं," मी म्हटलं. "बाहेर. गावाच्या कडेला ती झोपडी दिसली ना, तिला कुर्मा म्हणतात. महिन्याच्या त्या दिवसांत बाया तिथं राहतात. मीराबाई त्यावरून गावाशी भांडल्या, मीही भांडले. झोपडीला दार आलं, पण झोपडी आहेच." आणि हे बोलता बोलता निकेशचं वाक्य माझ्या कानात वाजलं आणि मी स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं. "अगं रश्मी! त्यानं विचारलं काय होतं?"

"आता पाळी कोणाची?"

"नाशिकच्या माणसाला पाळी म्हणजे नंबर! पण या गावात नंबराला नंबरच म्हणतात. इथं पाळी या शब्दाला एकच अर्थ आहे, अन् तो आंब्याखाली बसून मीराबाईनं शिकवलेला. दुर्गाबाई, तू यायची नाहीस हे शाळेत कोणी कळवलं होतं का?"

"हो न. आशाताईनं आधीच सांगतलं होतं का पाळीवाल्या बाया नोको. माही जेठानी म्हने, मी जाऊन सांगून येतो. मी म्हनलं, सांग, का दुर्गाची पाळी हाये, ते नाई येत."

रश्मीनं तोंडावर हात ठेवला. मी मात्र सांगत सुटले, कारण असा उलगडा वर्षानुवर्षांतून एकदा होतो. जेठानी, म्हणजे मोठी जाऊ, निरोप द्यायला पुढं झाली. सुईवाल्यानं मान वर न करता विचारलं, पाळी कोणाची. तिला वाटलं, हा विचारतोय कोणती बाई यायची नाही. ती म्हणाली, दुर्गाची. त्यानं विचारलं, दुर्गा लच्छू मडावीच ना. गावात दुर्गा दोन असतील, म्हणून ती म्हणाली, हो. त्यानं म्हटलं, बसा. अन् निरोप द्यायला आलेल्या बाईच्या दंडात सुई गेली! चोरी नाही, लबाडी नाही, कोणी कोणाला अडकवलं नाही. एका शब्दाला दोन अर्थ, एवढाच काय तो गुन्हा.

"अन् जेठानी यादीत का नव्हती?" रश्मीनं विचारलं, पण उत्तर तिला माहीत होतं.

"बीपीची गोळी खाते न ते," दुर्गा म्हणाली. "आशाताई देते दर महिन्याले. गोळीवाल्याले घेत नाई म्हने."

सगळं जुळलं होतं. मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. मग मी विचारलं, "नाव काय तुझ्या जेठानीचं?"

"इतवारी," दुर्गा म्हणाली.

६

इतवारी घरी नव्हती. नवरा वारल्यापासून ती एकटीच मोह वेचायला जायची, पहाटे उजाडताच. त्या वेळी ती सकाळच्या दुसऱ्या खेपेला गेली होती. लच्छूनं वाट दाखवली. त्याला मी कधी पाहिलंच नव्हतं, मी होते तेव्हा तो आश्रमशाळेत होता, नाहीतर हे इतवारीचं घर हे मघाशीच ओळखलं असतं.

मोहाखालची जमीन झाडून साफ केलेली होती आणि तिच्यावर पिवळी फुलं पडलेली होती. एक वाळलेली बाई ओणवी होऊन टोपलीत फुलं टाकत होती. तिचं वेचणं बघूनच मी ओळखलं. दोन्ही हातांनी वेचायची ती, आणि वेचता वेचता तोंडानं काहीतरी बोलायची.

"इतवारी," मी हाक मारली.

ती उठली. उठताना एक हात पोटावर होता. माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "सत्याबाई? भात शिजवता येते का आता?"

मी हसले आणि रडलेही. रश्मी बघतच राहिली, कारण माझा नियम तिनं पहिल्यांदा मोडलेला पाहिला. आम्ही तिथंच फुलांत बसलो.

"शाळेत तुझं रक्त घेतलं होतं, इतवारी. तू सांगितलं काऊन नाई?"

"त्यानं बस म्हनलं, मी बसली. बिचारा घामाघूम होऊन राह्यला होता. रक्त त सारेच नेतेत, त्यात सांगाचं काय?"

"अन् पोट दुखते का तुह्यं?"

तिनं फुलं चिवडली. "दुखते न. पावसाळ्यापासून दुखते. जावा पन जात नाई आता, दोन घोट घेतले का जाळ होते."

"पावसाळ्यापासून!" मी ओरडलेच. "अवं माय, मग सांगितलं काऊन नाई कोनाले?"

"इचारलं कोन?" इतवारी म्हणाली.

ती चिडून म्हणाली नाही. तू कुठल्या गावची असं विचारल्यावर सांगावं तसं साधं म्हणाली. रश्मीनं मान दुसरीकडे वळवली. लच्छू झाडाच्या बुंध्याशी उभा होता, तो खाली बसला.

चंद्रपूरला चल म्हटल्यावर मात्र बाई हटून बसली. मोह असा टपटप पडून राह्यला, आता कशी येऊ? मोह संपू दे, मग येतो. मी समजावलं, रश्मीनं समजावलं. नाई म्हणजे नाई. माझा पारा चढला आणि मी तिला यथेच्छ बोलले, मोहाला बोलले, मोहाच्या झाडालाही बोलले. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

शेवटी लच्छू उठला. त्यानं तिच्या हातातली टोपली काढून घेतली.

"वयनी, मी येचतो," तो म्हणाला. "तू जाय. एक फूल वाया नाई जाऊ देत."

मग उठून तिनं लुगड्याला चिकटलेली फुलं झटकली आणि आमच्याबरोबर चालू लागली.

७

दुर्बिणीत गाठ दिसली. पोटाच्या खालच्या तोंडाशी, अजून भिंतीच्या बाहेर न गेलेली. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले की मोह संपायची वाट पाहिली असती तर चाललं असतं, पण पुढच्या मोहाची पाहिली असती तर नाही.

राजदीपनं सगळ्यांसमोर रश्मीची माफी मागितली आणि अभ्यास पुढं सुरू ठेवला. रश्मी नाचायच्या बेतात होती. मी तिला म्हटलं, एका बाईवरून शास्त्र होत नाही, अजून हजार माणसं तपास, मग नाच. पण जेवायला तिला पुरणपोळी केली. निकेश आता रांगेत 'पाळी' म्हणत नाही. कार्ड बघतो, चेहरा बघतो, आणि आधी विचारतो की बाई, तुम्ही रक्त द्यायला आल्या की निरोप?

इतवारीचं अर्धं पोट काढावं लागलं. दवाखान्यातून सुटल्यावर इतक्या लवकर गावी कुठं पाठवायचं, म्हणून मी तिला माझ्याकडे आणलं. थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा खायचं होतं तिला. मी गुरगुट्या भात करते. करपत नाही आता. ती वाटी मांडीवर घेऊन अंगणात बसते, सावकाश खाते, आणि मी समोर बसून बघते. प्रत्येक घासाला मला विचारल्यावाचून राहवत नाही.

"दुखते का?"

"नाई."

"जाळ?"

"नाई म्हनलं न."

"खरं सांग."

परवा ती अशी वैतागली! वाटी खाली ठेवून म्हणाली, "सत्याबाई, दिवसातून किती डाव इचारशीन मले? कान किटले माहे!"

"किटू दे," मी म्हटलं. "घास घे. मी विचारणार."

तिनं घास घेतला. चावता चावता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी पुढं झुकून पुन्हा विचारलं, "दुखते का गं?"

"नाई," इतवारी म्हणाली. "अजून एकदा इचार."